तीन दिवसांचा नियम

निरोगी शरीर हेच म्हातारपणाचं खरं ऐश्वर्य. हे वाक्य तुमच्या लेखात पहिलं घ्या, छापून आलं की चांगलं दिसतं. मी स्वतः ते शिशाच्या खिळ्यांनी किती वेळा जुळवलंय त्याची गणती नाही, ठाण्याला प्रेसमध्ये होतो ना मी, कुणाची पंच्याहत्तरी झाली की लोक गौरव अंक काढायचे आणि पहिल्या पानावर हे नाहीतर याच्या आसपासचं काहीतरी असायचंच, आणि ज्यांचा गौरव ते गृहस्थ समारंभाला दोघांच्या खांद्यावर हात टाकून यायचे. एकदा तर अंक छापून बांधून तयार आणि गृहस्थ आदल्या दिवशी गेले. मालक म्हणाले, पेडणेकर, वाक्य राहू दे, काळी चौकट तेवढी घाला.

मी मूळचा राजापूरकडचा. घरी भात व्हायचा तो मार्गशीर्षापर्यंत पुरायचा, पुढे वडील काय करायचे ते त्यांनाच माहीत. सातवी झालो आणि मामा मला घेऊन आला, तो वर्तकनगरला राहायचा, कॉलनीतल्या एका खोलीत आम्ही सातजण, आणि मामाने सांगितलेलं की सातवा आहे म्हणून भाकरीत कमी पडणार नाही पण झोपायच्या जागेत पडेल. मग त्याच्याच ओळखीने स्टेशनजवळच्या एका प्रेसमध्ये लागलो. आधी झाडू मारायचो, मग वापरलेले खिळे परत आपापल्या खान्यात टाकायचं काम, मग कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा. तुम्हाला सांगतो, खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, आणि जुळवलेली ओळ वरचं खाली धरून वाचायची, त्यामुळे सगळं आयुष्य मी उलटं वाचण्यात घालवलं. समोरच्या माणसाच्या हातातला कागद मला माझ्या बाजूने सरळ वाचता येतो. हे काही मोठं नाही, पण पुढे एकदा उपयोगाला आलं, सांगतो.

वाचायची सवय तिथलीच. जे समोर येईल ते जुळवायचं म्हणजे वाचायचंच. लग्नपत्रिका, सहकारी पतपेढीचे अहवाल, कवितासंग्रह, ते कवी स्वतः पैसे द्यायचे आणि स्वतःच प्रूफं बघायचे आणि स्वतःच घेऊन जायचे. आणि मानपत्रं. मानपत्र ही मजेदार गोष्ट आहे. आमच्याकडे एक मजकूर तयार बांधून ठेवलेला असायचा, दोऱ्याने गुंडाळून, आपल्या कर्तृत्वाचा सुगंध वगैरे, फक्त नाव आणि गाव बदलायचं. एकच सुगंध मुरबाडपासून मुंब्र्यापर्यंत. त्यामुळे मला कुणाचा शालश्रीफळ समारंभ असला की त्या माणसापेक्षा त्या दोऱ्याची आठवण येते. नंतर कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले, मी प्रूफरीडर झालो आणि तसाच निवृत्त झालो. निरोपाला मला मानपत्र दिलं. त्यात दोन चुका होत्या. सांगितल्या नाहीत.

ठाकुर्लीला ही जागा घेतली तेव्हा इथे संध्याकाळी कोल्हे ओरडायचे असं मी सांगितलं तर आता कुणी विश्वास ठेवत नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, तेव्हा लिफ्टचा विचारच कुणी केला नव्हता, आम्ही सगळे तिशीतले. सुनंदा, माझी बायको, तिने या घराला रंग लावून घेतला तो पिवळा, तो अजून आहे. तिला जाऊन सात वर्षं झाली. मुलगा महेश नाशिकला असतो, कारखान्यात आहे, सून शाळेत शिकवते, एक नात. वाईट काही नाही हो. भांडण नाही, तंटा नाही. दर रविवारी अकराला त्याचा फोन येतो. जेवलात का, गोळी घेतली का, मग तो म्हणतो या इकडे कधीतरी, आणि मी म्हणतो येतो. आपण जिन्यात शेजाऱ्याला या ना चहाला म्हणतो ना, तसंच ते. शेजारी कधी येतो का? तोही येत नाही आणि आपणही आधण ठेवत नाही.

आता वर्गाचं सांगतो, म्हणजे तुम्हाला ज्याचं हवंय ते. पण त्याच्या आधी राणे सांगायला हवेत. राणे आमच्या तळमजल्यावर राहायचे, एकटेच, मिलमधून आलेले, बोलायला रुक्ष पण माणूस सरळ. त्यांच्या दाराशी वर्तमानपत्रं साठली. मी रोज जिन्यातून उतरताना बघत होतो. पहिल्या दिवशी एक, मग दोन, मग चार. मला वाटलं गावी गेले असतील, पेपर बंद करायला विसरले. मी वाचणारा माणूस, मी काय केलं असेल तर त्यातला वरचा पेपर उचलून वाचला आणि घडी घालून परत ठेवला. पाचव्या दिवशी दार फोडावं लागलं. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की मरण येईल तेव्हा येवो, मला त्याचं काही नाही, पण त्याच दिवशी कुणालातरी कळायला हवं. फार तर दुसऱ्या.

म्हणून मी वर्गात गेलो. लोक म्हणतात गुडघ्यासाठी गेलो, साखरेसाठी गेलो. मी हजेरीसाठी गेलो.

तो वर्ग पालिकेच्या बागेत भरतो, पत्र्याच्या शेडमध्ये, सकाळी सात ते आठ, रविवारी सुट्टी. नाव सर्वांगीण निरोगी वार्धक्य वर्ग. नाडकर्णींनी काढलेला. नाडकर्णी बँकेत मॅनेजर होते आणि अजूनही आहेत असं त्यांना वाटतं. ते होलिस्टिक हा शब्द दिवसातून दहा वेळा म्हणतात. शरीर, मन आणि समाज असं तिन्हीचं आरोग्य. शरीर म्हणजे मान फिरवणं, घोटे फिरवणं, श्वास घेणं, सोडणं. मन म्हणजे शेवटी पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि मग एकेकाने काल घडलेली एक चांगली गोष्ट सांगायची. आणि समाज म्हणजे नंतर कोपऱ्यावरच्या टपरीवर अर्धा अर्धा चहा, बिनसाखरेचा, म्हणजे बोलताना बिनसाखरेचा. ती चांगली गोष्ट सांगणं मला फार जड जायचं. रोज कुठून आणायची? मी सरळ पुस्तकातलं काहीतरी सांगायचो. भोईर म्हणून आमच्यात आहेत, इथल्या मूळ चोळे गावातले, आगरी, ते रोज सांगायचे काल रातच्याला मावरं खाल्लं. नाडकर्णी म्हणायचे अहो भोईर, काहीतरी वेगळं सांगा, तर ते म्हणायचे काल येगलं व्हतं, काल बोंबील व्हते.

पण या नाडकर्णींनी एक गोष्ट चोख केलेली, आणि त्याबद्दल मी त्यांना मानतो. तीन दिवसांचा नियम. सलग तीन दिवस कुणी आलं नाही आणि कळवलंही नाही, तर तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर दोन सभासदांनी त्याच्या घरी जायचं. जायचंच. फोन करायचा नाही, कारण फोनवर माणूस बरं आहे म्हणतो. मी स्वतः असा पाच-सहा वेळा गेलेलो. एकीचे डोळे आलेले. एकजण सुनेवर रुसून बसलेले, ते आम्हाला बघून इतके खूश झाले की सुनेलाच चहा टाकायला सांगितलं. भोईरांकडे गेलो तर ते पडवीत पाय पसरून बसलेले, आम्हाला बघून म्हणाले, काय रं, मेलाय का जिता हाय ते बगाला आयलाव काय? मी म्हटलं हो. ते म्हणाले मग बसा, आयलाव तं जेवूनच जा. त्यांचं बीपी वाढलेलं, आम्ही गेलो म्हणून त्यांच्या मुलाने डॉक्टरकडे तरी नेलं.

हजेरीची वही साठे बाईंकडे. बाई म्हणजे पालिकेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील, मुलाकडे राहतात, माझ्या घरासमोरच्याच गल्लीत. वही आखायची तर बाईंनीच, लाल रेघ, निळी रेघ, अक्षर असं की आमच्या प्रेसच्या मालकाने त्यावरून ठसे पाडले असते. हजर असेल त्याला ह. नसेल त्याला ग. मी रोज सकाळी त्यांच्यासमोर उभा राहायचो, त्या वर न बघता म्हणायच्या पेडणेकर, आणि ह काढायच्या. काय सांगू तुम्हाला, त्या एका अक्षराने दिवस मार्गी लागायचा. दिवसभरात दुसरं कुणी माझं नाव घेत नाही हो. रिक्षावाला काका म्हणतो, बँकेतली मुलगी टोकन नंबर म्हणते. इथे एक बाई पूर्ण आडनाव घेऊन सांगायच्या की आज तुम्ही आहात.

आता मी एक चूक केलेली ती सांगतो. चूक कसली, खोटं बोललो. दिवाळीत सगळे कुठे कुठे जाणार होते, कुणी मुलीकडे, कुणी कुटुंबासकट केरळला, टपरीवर तेच चाललेलं, तर मी म्हटलं महेश सारखा मागे लागलाय नाशिकला या म्हणून, पण माझा वर्ग बुडतो. नाडकर्णींना ते इतकं आवडलं की त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, पेडणेकरांचा आदर्श घ्या, मुलगा बोलावतोय तरी जात नाहीत, वर्षभरात एक दिवस चुकलेला नाही. ते खरंच होतं, मी एक दिवस चुकलेलो नव्हतो. जायला दुसरीकडे जागाच नव्हती. मग ते खोटं वाढत गेलं. महेशने तिकीट काढतो म्हटलं, नातीने फोनवर रडून घेतलं. मी इतकी वर्षं दुसऱ्यांचं लिखाण तपासलेलं, कुठे थांबावं ते मला कळायला हवं होतं. डिसेंबरात एका शनिवारी मी म्हणून गेलो की बघतो, सोमवारी-मंगळवारी कदाचित निघेनही आठ दिवसांसाठी. का म्हटलं? साठे बाईंनी नुसतं विचारलेलं की मग जाऊन कधी येणार. त्यांना काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून.

त्याच महिन्यात आमच्याकडे फिजिओथेरपीवाली एक मुलगी व्याख्यानाला येऊन गेली. तोल सांभाळा, म्हातारी माणसं पडतात तिथून सगळं सुरू होतं, म्हणून रोज दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय करा, बेसिनला हात ठेवून. मुलगी चांगली होती, सांगितलेलं बरोबरच होतं. मी मेहनती माणूस. पहिल्या आठवड्यात हात ठेवून, दुसऱ्यात हात सोडून, तिसऱ्यात मी डोळे मिटून करायला लागलो, ते तिने सांगितलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी सहाला, तोंडात ब्रश, डोळे मिटलेले, उजवा पाय वर, मी पडलो. पडू नये म्हणूनच्या व्यायामात पडलो.

डावा घोटा गेला. हाड मोडलेलं नव्हतं हे नंतर कळलं, तेव्हा मला वाटलं संपलं. फेस थुंकायलाही उठता येईना. मग सरकत सरकत स्वयंपाकघरात आलो. फोन ओट्यावर चार्जिंगला लावलेला, ओटा किती उंच असतो ते जमिनीवर बसून बघा कधी. केरसुणीने वायर ओढून तो खाली पाडला तेव्हा दहा वाजलेले. काच तडकली पण चालू होता.

इथून पुढचं मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. फोन माझ्या हातात होता. मी कुणालाही बोलावू शकत होतो. महेशला केला असता तर तो चार तासांत आला असता, आला असता हो, दोन दिवस रजा काढून डॉक्टर, एक्स-रे, सगळं केलं असतं, आणि जाताना बाबा असं एकटं बरं नाही म्हणून गेला असता. नाडकर्णींना केला असता तर ते चौघांना घेऊन आले असते आणि फोटो काढला असता. साठे बाईंना करायचं मनात आलं, नंबरही काढला. पण मी विचार केला, नाशिकचं आपण नुसतं कदाचित म्हटलेलं, जातो म्हणून कळवलेलं नाही, आणि आज सोमवार. आज ग पडला असेल. उद्या ग, परवा ग, आणि परवा वर्ग सुटला की साडेआठ-नऊला दोघं येतील. मला मदत हवी होती असं नाही. मदत काय, पैसे देऊनही मिळते. माझ्यासाठी कुणीतरी निघून यायला हवं होतं, मी न बोलावता. राण्यांनी कुणाला फोन केला नव्हता, त्यांच्याकडे मी गेलो नाही. माझ्याकडे कुणी येतं का ते मला बघायचं होतं. मूर्खपणा वाटेल तुम्हाला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस मूर्खपणा करतो तेव्हा तो फार विचार करून केलेला असतो.

घरात चुरमुरे होते, बिस्किटं होती, केळी होती. स्टुलावर बसून खिचडी टाकायचो, स्टूल ढकलत ढकलत घरभर. सुनंदाच्या वेळचं क्रेप बँडेज सापडलं ते बांधलं. मंगळवार झोपण्यात गेला. बुधवारी सकाळी मी बसून दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. दाराची कडी काढून ठेवली, म्हणजे त्यांना फोडाफोडी नको. चार कप पुसून ठेवले, दोघंच येतात पण एखाद वेळी उत्साहात चौघं येतात. आणि खुर्चीत बसलो. पाय दुसऱ्या खुर्चीवर, दिसेल असा.

नऊ वाजले. साडेनऊ. जिन्यात पावलं वाजली की मी सरळ होऊन बसायचो, पावलं वर जायची. अकरापर्यंत मी स्वतःला सांगत होतो की कुणी डॉक्टरकडे गेलं असेल, बारानंतर सांगायला लागलो की बाईंनी मंगळवारपासून मोजलं असेल, म्हणजे उद्या. गुरुवारी परत दाढी. गुरुवारी बेल वाजली. मी म्हटलं या, उघडंच आहे. कुरियरवाला होता, समोरचे घरात नाहीत, पार्सल ठेवाल का म्हणाला. ठेवलं. संध्याकाळी समोरची मुलगी पार्सल न्यायला आली, कानात फोनचं ते अडकवलेलं, कुणाशीतरी बोलतच आत आली, माझ्या हातातून घेतलं, थँक यू अंकल म्हणाली आणि गेली. बँडेज बांधलेला पाय मी खुर्चीवर मांडलेलाच होता. पण तिला दोष नाही, मीही राण्यांचा पेपर वाचला होता.

शुक्रवारी मी दाढी केली नाही. आणि शनिवारी उठलो, छत्री काठीसारखी घेतली आणि निघालो. जिना बसून उतरलो, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तसा. सहा मिनिटांची बाग, मला पस्तीस मिनिटं लागली, आणि पूर्ण वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. सगळ्यांसमोर बोलणार होतो, नियम वाचून दाखवणार होतो, समाजाचं आरोग्य वगैरे काढणार होतो. चांगली वाक्यं होती.

शेडमध्ये पाऊल टाकलं तर नाडकर्णी दोन्ही हात वर करून म्हणाले, या या, आले आपले नाशिककर. कुणी विचारलं थंडी काय म्हणते तिकडे. एकजणी म्हणाल्या सुनेने चांगलं खाऊपिऊ घातलेलं दिसतंय, चेहरा भरलाय. चेहऱ्यावर सूज होती, रात्री झोप नव्हती. मग कुणाचंतरी पायाकडे लक्ष गेलं, हे काय, आणि मी म्हटलं, काय म्हटलं असेन? म्हटलं नाशिकला महेशकडे पायरी चुकली. सगळी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. मला त्या क्षणी त्यांच्यापेक्षा माझ्याच खोट्याची लाज राखायची होती.

मग मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. वही त्यांच्याकडे तोंड करून उघडी होती. मला उलटं वाचायला वेळ लागत नाही. पेडणेकर, त्या ओळीत सोमवार ह, मंगळवार ह, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, पाचही ह. सुरेख अक्षरात. बाईंनी हळूच सांगितलं, काळजी करू नका, तुमची हजेरी मी सांभाळलीय, पुढच्या महिन्यात वर्धापनदिन आहे, पूर्ण हजेरीचा सत्कार आहे, आता शेवटी कशाला मोडायची.

मी बाकावर बसलो. बाई येऊन बसल्या. मी विचारलं असं का केलंत. त्या म्हणाल्या, अहो बत्तीस वर्षं शाळेत काढली, ग लिहायला हातच वळत नाही. पट कमी झाला की तुकडी बंद, शिक्षक जादा ठरतो. आणि हजेरी असेल त्याच पोराला तांदूळ मिळायचे, आई घरकामाला गेली म्हणून धाकट्याला सांभाळत घरी बसलेल्या पोरीला मी ग कशी लिहू? कुणाचं नुकसान होत नव्हतं.

मी म्हटलं, बाई, मी पाच दिवस घरात पडून होतो.

बाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, चला उठा, एक्स-रे काढून येऊ. त्यांनीच रिक्षा बोलावली. पुलाच्या चढावर रिक्षा अडकली तेव्हा बाहेर बघत म्हणाल्या, पेडणेकर, तुम्ही नाशिकला गेला नाहीत हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, माहीत होतं?

तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसतो आमच्या गॅलरीतून. मला वाटलं तुम्ही जाणार म्हणून सगळ्यांना सांगून बसलात आणि आता आठ दिवस घरात लपून काढताय. जातो असं नक्की कळवलं नव्हतंत, ग लावला असता तर नियमाने तिसऱ्या दिवशी दोघं तुमच्या दारात आले असते, आणि तुम्ही घरात. मग काय तोंड दाखवलं असतंत तुम्ही?

 एका माणसाला माझं खोटं कळलेलं, दिवा दिसत होता, पाच दिवस रोज संध्याकाळी ती बाई गॅलरीतून बघत होती की दिवा लागला, म्हणजे आहेत. आणि रोज सकाळी माझी अब्रू वाचवायची म्हणून ह काढत होती. माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही म्हणून मी रडत होतो, आणि लक्ष होतं म्हणूनच कुणी आलं नाही. मी विचारलं, आणि मी मेलो असतो तर? त्या म्हणाल्या, मेलात तर कुणीतरी कळवतंच ना. मी म्हटलं कोण? बाईंनी पदराने चष्मा पुसला. पुलावरची गर्दी सुटली, रिक्षा पुढे गेली.

घोट्याचा अस्थिबंध ताणलेला, सहा आठवडे. महेशला मी रविवारी सांगितलं, पाय मुरगळलाय जरासा. तो म्हणाला बाबा या ना इकडे. मी म्हटलं येतो.

जानेवारीत सत्कार झाला. नाडकर्णी म्हणाले, पेडणेकर, तुम्ही छापखान्यातले, मानपत्राचा मजकूर तुम्हीच करा, म्हणजे माझं मानपत्र मीच. केलं. दोऱ्याने बांधलेला तोच मजकूर, डोक्यात अजून होता, नाव आणि गाव बदललं. फक्त अखंड उपस्थिती असं नाडकर्णींनी घालायला सांगितलेलं, ते मी घातलं नाही, तर त्यांनी पेनाने वरून लिहिलं. माजी नगरसेवक आलेले, त्यांनी ते वाचून दाखवलं, वाचताना अडखळले ते फक्त पेनाने लिहिलेल्या शब्दावर. शाल मिळाली, नारळ मिळाला. शिडीवरून स्टेजवर चढताना भोईरांनी दंडाला धरून वर घेतलं, कानात म्हणाले, पाय काय नाशकात नाय मोडला तुजा. मी म्हटलं नाही. ते म्हणाले, माज्याकडं यवाचं ना मग. इतकंच. त्यांनी परत विषय काढला नाही.

त्यानंतर मी नाडकर्णींना सांगितलं वही माझ्याकडे द्या. बाईंनी लगेच दिली, त्यांना बरंच वाटलं असावं. मी महिनाभर प्रूफ तपासतात तशी हजेरी घेतली. डोळ्यांनी दिसेल तो ह. बाकी ग. पहिल्या आठवड्यात चार घरी जावं लागलं. एके ठिकाणी सून म्हणाली, अहो रोज रोज काय येता, आम्ही मारलं नाही त्यांना. एकजण पत्नीला न सांगता सकाळी दुसरीकडेच पत्ते खेळायला जात होते, ते घर आता माझ्याशी बोलत नाही. महिन्याच्या शेवटी पूर्ण हजेरी कुणाचीच नाही. नाडकर्णींनी मला बाजूला घेतलं, म्हणाले शेडला पंखे मागायचेत, अर्जाला हजेरीपत्रक जोडायचं असतं, असं विरळ पत्रक कसं जोडणार, तुमचं तत्त्व मला पटतं पण. या पणच्या पुढचं वाक्य ते कधी पूर्ण करत नाहीत. वही परत बाईंकडे गेली. जोडलेलं पत्रक भरगच्च होतं, पंखे आले, दोन.

बाईंना मी एवढंच म्हटलं, माझ्यापुरता ग लावत जा. त्या म्हणाल्या लावीन. मनापासून म्हणाल्या. मध्ये एकदा दाताच्या कामाला कल्याणला गेलेलो, दुसऱ्या दिवशी बघितलं तर ह. मी विचारलं तर म्हणतात, दाताचं काम म्हणजे काय गैरहजेरी का हो? हात वळत नाही त्यांचा, काय करणार. मी दिवा मात्र आता स्वयंपाकघरातला लावतो, बाहेरच्या खोलीत बसलो तरी. बिल थोडं जास्त येतं.

बाकी बरं आहे. साखर आटोक्यात आहे, पोट साफ आहे, वाचायला डोळे आहेत. व्यायाम करा तुम्हीही, आत्तापासून करा, घोटे फिरवा, पण डोळे उघडे ठेवून. तुमचे आईवडील आहेत ना? असू देत, सगळ्यांना चांगलं ठेवो देव. चहा संपवा, गार झाला. साडेसात होऊन गेले नाही का, म्हणजे वर्गात आता डोळे मिटून बसले असतील सगळे. थंडीने घोटा धरलाय म्हणून मी परवापासून गेलो नाही, कळवलंही नाही, आज तिसरा दिवस. जाताना बाग तुमच्या वाटेवरच आहे, वही बघा हवी तर. मी हजर आहे.